आपोआप जाणारा बिघाड

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. आईचा कॅन्सर उद्या तुला आणि तुझ्या मुलांना गाठेल, म्हणून लग्नाचं विचारणाऱ्या त्या मुलाला नकार कळवलास. तुझं अक्षर इतकं वाकडं कधी नसतं.

आठवीत शाळा सोडून मी वजनकाट्यांची दुरुस्ती शिकलो, तीही कुणाच्या हाताखाली न राहता. आज इंजिनिअर लोक माझ्याकडे काटे आणतात. माझा एक नियम आहे: जो बिघाड आपोआप जातो तो बिघाडच नव्हे, वापरणाऱ्याची खोड. तुझ्या आईचं पोट मी त्याच नियमाने तपासलं. कळांची नोंदवही ठेवली. अकरा महिन्यांत चौतीस कळा. जेवणानंतर दीड-दोन तासांनी कळ, मग उलटी, आणि तासाभरात बाई पुन्हा ओट्याशी उभी. त्यातल्या नऊ नेमक्या तुझी आत्या यायच्या दिवशी. ते मी आत्यासमोरच मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या हसली. आईही हसली, म्हणाली, अहो, एकदा माझं पोटही काट्यावर घ्या, म्हणजे तरी खरं वाटेल. स्कॅन करू या म्हणून तू मागे लागलीस, तेव्हा बापाला शिकवू नकोस म्हणालो.

पस्तिसावी कळ गेली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली. सर्जननी वही चाळून विचारलं, ही कुणी लिहिली? मी ताठ मानेने सांगितलं, मी. ते म्हणाले, सगळं तर यातच लिहिलंय, मग अकरा महिने होतात कुठे? आतड्याच्या आत गाठ होती. ती आतड्याला ओढून त्याच्याच पोकळीत सरकवायची, बाहीत बाही शिरावी तशी. सुटलं की दुखणं थांबायचं. या वेळी सुटलं नाही. आतडं काळं पडलं होतं. ऑपरेशन करूनही चौथ्या दिवशी ती गेली.

सर्जन फक्त ‘गाठ’ म्हणाले होते. कॅन्सर हा शब्द व्हरांड्यात मी उच्चारला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सगळे माझ्याच पाठीवरून हात फिरवत होते, तूसुद्धा.

गाठीच्या तपासणीचा कागद तीन आठवड्यांनी आला. चार वर्षं माझ्या कपाटात आहे, आज सोबत जोडलाय. चरबीची साधी गाठ, साडेतीन सेंटिमीटर. कॅन्सर नाही, पोटच्या पोरांत उतरणारं काही नाही. वेळेवर काढली असती तर आई आठ-दहा दिवसांत घरी आली असती. त्या मुलाला आजच कळव. आणि मला ‘बिचारे बाबा’ लिहू नकोस. तू सरळ होकार दिला असतास, तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.

तुझाच,
बाबा