तीन प्रतींतला अर्ज

प्रिय बाबा,

आज लिहायला बसले ती तुमच्या लाल गाडीमुळे. तिला पंधरा वर्षं झाली, आणि दिल्लीचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. सोमवारी ती भंगारात जाणार. म्हणून काल तिला ग्रेटर नोएडाच्या रेस ट्रॅकवर नेली. हो, तुमच्याच त्या ट्रॅकवर!

तुम्ही गेल्यावर तुमच्या कपाटात एक फाईल सापडली. 'स्वतःच्या गाडीने ट्रॅकवर एक फेरी मारण्याबाबत.' अर्ज तीन प्रतींत, वर सात स्मरणपत्रं! अहो, रेसवाल्यांना कुणी 'थ्रू प्रॉपर चॅनेल' लिहितं का? जन्म मिनिस्ट्रीत गेला म्हणून काय झालं!

ती परदेशी गाड्यांची पहिली रेस आठवते? दिल्लीतल्या आपल्या द्वारकेहून आपण तिघं पोळीभाजीचा डबा घेऊन गेलो होतो. गाड्या अशा सुसाट गेल्या की आईने कानात बोटं घातली, आणि तुम्ही चक्क डोळे पुसत होतात. मी हसले. "बाबा, तुम्ही चाळीसच्या वर जात नाही, तुम्हाला यातलं काय कळतं?" ते हसणं मला अजून टोचतं.

दोन-तीन वर्षांत त्या गाड्या यायच्या बंद झाल्या. स्टँड ओस पडले, लोक विसरले. तुमची स्मरणपत्रं मात्र चालूच! मला एकदा सांगायचंत ना? हौशी लोकांसाठी तो ट्रॅक अधूनमधून खुला असतो. मोबाईलवर पाच मिनिटांत बुकिंग झालं.

आई हट्टाने शेजारी बसली. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, शेवटी अंबाडा सोडला. पहिल्याच वळणावर मी इंडिकेटर दिला, तुमचीच शिकवण. मागच्या गाडीतला माणूस ओरडला, "मॅडम, यहाँ इंडिकेटर कौन देता है!"

मग लांबलचक सरळ रस्ता आला. मी चाळीसवर. आता आई म्हणणार, "हळू गं." तुम्हाला जन्मभर तेच तर म्हणायची! पण ती म्हणाली, "दाब. त्यांना मीच कधी पळवू दिली नाही."

नव्वद, बाबा! दारं खडखडत होती, आई रडत होती आणि हसतही होती.

तुमची फाईल बंद करत नाहीये. आईला आणखी एक फेरी हवी आहे, आता गाडी कुठलीही चालेल म्हणते. पण मोबाईलवरचं बुकिंग नको. चष्मा लावून अर्ज लिहायला बसली आहे, तीन प्रतींत.

या वेळी मी हसणार नाही, बाबा. शब्द देते.

तुमची,
मीनू