प्रत्येकीचं एकच वाक्य

प्रिय पपा,

तुमच्या शेंडेफळाचा प्रभूमध्ये सलाम. तुमच्या डोळ्यावर पट्टी आहे, म्हणजे पत्र आईच वाचून दाखवत असणार. वसतिगृहात मी पोटभर जेवते, ही ओळ तिने दोनदा वाचावी.

शाळेत मी प्रार्थना-गट सुरू केलाय! मधल्या सुट्टीत, चित्रकलेच्या वर्गात. पहिल्या दिवशी सहा मुली आल्या. मी थेट तुमच्यासारखी सुरुवात केली: चर्चचे पाळक, आजारी, प्रवासी, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग आत्याची मुलं एकेक करून. आमेनच्या आधीच घंटा झाली आणि सगळ्यांचे डबे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी आणि रिकामे बाक. हसू नका, तुमचंच वळण आहे!

मग मी नियम केला: आधी डबा, नंतर प्रत्येकीचं एकच वाक्य. आता आम्ही नऊजणी जमतो. काल माझं वाक्य परीक्षेवरच खर्ची पडलं आणि तुम्ही राहून गेलात. फार चुटपुट लागली.

पहिल्या दिवशी आलेली एक मुलगी एरवी तोंडच उघडत नाही, फक्त आमेन म्हणते. काल तिची पाळी आली, तर म्हणाली, "देवा, हिच्या पपांचा डोळा बरा कर."

म्हणजे त्या पहिल्या दिवशी कुणीतरी ऐकत होतं, पपा.

आई थेंब वेळेवर घालते ना? पट्टी निघाली की पुढची ओळ तुम्ही स्वतः वाचा, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितेय:

मी घरी आले की हवी तेवढी लांब प्रार्थना करा. मी मध्येच डोळे उघडणार नाही.

तुमची,
शेंडेफळ