डावी बाजू उजवीकडे

कार्डिफ,
१९ मे १९८६

ती. नंदाताईस,

धाकट्या मंजिरीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कोपरापासूनचाही एक नमस्कार राखून ठेवला आहे, पण तो तुला नाही. कोणाला, ते पुढे येईलच.)

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढउतार करतेस की ऐकतेस डॉक्टरांचं? सूनबाईंना सातवा लागला ना? तिला म्हणावं, मावशीसासूबाईंनी खूप आशीर्वाद सांगितलेत. तुझं पत्र, तुझं मेतकूट आणि तुझे यजमान, असं तिन्ही गेल्या महिन्यात इथे सुखरूप पोचलं. पत्र मी चारदा वाचलं, मेतकूट संपलं, आणि यजमान अजून आहेत.

हे बघ, राग मानू नकोस. भाऊजी मला वडिलांच्या जागी आहेत, देवमाणूस आहेत, खाण्यापिण्याची काही कटकट नाही, आमटी कशीही झाली तरी 'वा' म्हणतात. पण ताई, पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात हेड ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर ज्या घरात ड्रॉइंगचा अभ्यास चालू आहे त्या घरी पाठवू नये. मुंगीला साखरेच्या डब्यात सोडून वर झाकण लावल्यासारखं आहे ते. झाकण तू लावलंस, म्हणून तुलाच लिहिते.

तुला आठवत असेल, एकाहत्तर साली भाऊजींनीच मला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घातलं होतं. वर्ष झालं नाही तोवर इंग्लंडचं स्थळ आलं आणि मी ड्रॉइंग बोर्ड तुमच्या माळ्यावर टाकून इकडे निघून आले. तेव्हा सगळे म्हणाले, तिकडे जाऊन कर की पुरं. कसलं पुरं! इथे मी कोण, तर हॉस्पिटलात डॉक्टर गिरीशची बायको, शाळेत सीमाची मम, आणि मंडळात बटाटेवडे बरे करणारी बाई. (गेल्या गणपतीला मंडळाच्या यादीत माझ्या नावापुढे नुसतं 'वडे' लिहिलं होतं. आडनावसुद्धा नाही.) मग गिरीशच्याच हॉस्पिटलच्या इमारती-पाइप बघणाऱ्या वर्क्स ऑफिसात ड्रॉइंगच्या टेबलाशी एक जागा निघणार असं कळलं. तिथल्या मुख्य मिसेस हॅवर्ड म्हणाल्या, कोर्स पास होऊन ये, जुलैपर्यंत मी कोणाला घेत नाही. एवढं एका बाईने माझ्यासाठी थांबायचं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी त्याच आठवड्यात पोस्टाने शिकवणाऱ्या कॉलेजचा फॉर्म भरला.

तर या कोर्सची पद्धत अशी की एकूण बारा शीट्स करायची, एकेक शीट गुंडाळी करून नळकांड्यातून ट्यूटरला पाठवायचं, आणि त्याने लाल पेन्सिलीने रेघोट्या मारून परत धाडायचं. माझे ट्यूटर मि. प्रिचर्ड. त्यांना मी कधी बघितलेलं नाही, पण त्यांच्या लाल पेन्सिलीच्या टोकावरून त्यांचा त्या दिवशीचा मूड मला ओळखता येतो. बारापैकी दोन शीट्स नापास झाली तर चालतात, तिसरं झालं की पुन्हा श्रीगणेशा. पहिली नऊ मी एकटीने केली आणि नऊच्या नऊ पास झाली. फार उड्या नाहीत मारल्या, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस असे मार्क, पण पास. (मदत मागितली होती मी, नाही असं नाही. गिरीश एकदा शेजारी येऊन बसला. दिवसभर लोकांना भूल देणारा माणूस तो, दहा मिनिटांत आम्ही दोघंही पेंगायला लागलो.) आणि मग भाऊजी आले.

आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, झोपेचं अजून तंत्र बसलेलं नाही, अंगात बंद गळ्याचा स्वेटर, डोक्याला गिरीशचा मफलर, अशा अवस्थेत ते डायनिंग टेबलाशी थांबले. टेबलावर माझं दहावं शीट होतं. वाकून बघितलं. मग म्हणाले, "अगं, ही रेघ थरथरते आहे." मला वाटलं, सांगतील चार गोष्टी. तर त्यांनी गिरीशचं दाढीचं ब्लेड मागवलं आणि माझी शाईची रेघ कागदावरून अशी अलगद खरवडून काढली की खाली रेघ होती हे कोणाला खरं वाटू नये. हे बघून मी भुलले. माझंच चुकलं, मी त्यांना खुर्ची दिली. ती खुर्ची त्यांनी अजून सोडलेली नाही. महिना झाला आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. सीमा जिन्यात बसून जेवते. परवा तिने त्यांना विचारलं, "काका, तू माझी आईचा होमवर्क का करते?" भाऊजींनी तिला जवळ बसवून पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते शिकवलं.

आता मुख्य घोटाळा सांगते, नीट वाच. समज, टेबलावर इस्त्री ठेवली आहे आणि तिचं चित्र काढायचं आहे. समोरून दिसते ती बाजू मध्ये काढली. आता तिची डावी बाजू कुठे काढशील? डावीकडेच ना? माझ्या कोर्सलाही तसंच हवं असतं. पहिल्याच पानावर चौकटीत ठळक छापलं आहे की डावी बाजू डावीकडे, वरून दिसेल ती वर. पण भाऊजी शिकले त्या जुन्या पद्धतीत डावी बाजू काढतात उजवीकडे आणि वरून दिसेल ती खाली. मी त्यांना चौकट दाखवली. ते हसले. म्हणाले, "ही पद्धत आम्हाला शिकवली कोणी? साहेबाने. आता साहेब विसरला, म्हणून आपण विसरायचं?" आणि मला दटावत सगळं शीट जुन्या पद्धतीने काढलं. दिसायला काय सुंदर, ताई! अक्षरं तर छापल्यासारखी. मार्क पडले अठ्ठावीस.

कोणी दुसरं असतं तर ओशाळलं असतं. भाऊजींनी प्रिचर्डना पत्र लिहिलं. 'आपल्या दि. २८ च्या शेऱ्यास अनुसरून' अशी सुरुवात, बारा मुद्दे, शेवटी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती, आणि खाली सही 'निवृत्त'. मी म्हटलं संपलं, कॉलेजातून नाव काढणार माझं. तर काय, प्रिचर्डचं उत्तर आलं पाच पानी! तेही बंदरात जहाजांची ड्रॉइंग्ज काढत म्हातारे झालेले, तेही जुन्याच पद्धतीत वाढलेले. नियम त्यांनाही बदलता येत नव्हता, पण दुःख एक निघालं. तेव्हापासून दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे. कोणत्या नंबरची पेन्सिल, पूर्वीचा कागद कसा होता, हल्लीच्या पोरांचे मापांचे बाण कसे जाडे असतात. पोस्टमन आला की भाऊजी माझ्या आधी दाराशी. पाकिटावर नाव त्यांचं, नळकांड्यावर माझं, आणि नापास मी.

अकरावं शीट मी त्यांच्या नकळत करायचं ठरवलं. सीमाच्या खोलीत, तिच्या पलंगावर बोर्ड टेकवून, ते फिरायला गेले की. आठ दिवस लागले. झालं, आणि मी मंडळात वडे करायला गेले. एक दुपार, ताई, फक्त एक दुपार! परत आले तर भाऊजी हात झटकत, प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, तू गडबडीत बाजू उलट्या काढल्या होत्यास, मी सरळ करून टाकल्या, आणि टपालाची शेवटची उचल निघायच्या आत नळकांडं पेटीत टाकून आलो. मला ओरडायला तोंड नव्हतं. काय ओरडणार? माणसाने प्रेमाने घात केला की त्याला चहाच करून द्यावा लागतो.

ते शीट परवा परत आलं. चौतीस. म्हणजे दोन नापास झाली. आता बारावं राहिलं, ते १४ जूनच्या आत पोचायला हवं, आणि ते गेलं की कोर्स गेला, मिसेस हॅवर्डची जागा गेली, आणि मी पुन्हा वडे. पण मार्कांचं इतकं लागलं नाही. खाली लाल पेन्सिलीने दोनच वाक्यं होती. 'तुमच्या मेहुण्यांचा हात अप्रतिम आहे. आता तुमचा बघायला मिळेल का?' मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. भाऊजींना पहिलं वाक्य वाचून दाखवलं, दुसरं गिळलं. ते दिवसभर खुशीत होते.

तू आमच्याकडची काळजी करू नकोस. तब्येतीला जप, गुडघ्याला शेक दे, घरी सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद सांग. इथे सगळं छान आहे, हे नेहमीप्रमाणे समजून घे.

तुझी धाकटी,
मंजिरी

ता. क. सूनबाईंचं डोहाळेजेवण कधी धरलं आहेस? जूनच्या पहिल्या आठवड्यात धर आणि भाऊजींना तातडीने बोलावून घे. डोहाळेजेवणाला सासऱ्यांचं काय काम, असं म्हणू नकोस. झोपाळा कोण बांधणार? फोनवर आवाज जरा रडवेला काढ. तिकीट ओपन आहे, मी चौकशी केली आहे. हे एवढंच सांगायला पत्र लिहायला बसले होते.

ता. क. दुसरा, १२ जुलै. वरचं पत्र आज आमच्या गाडीच्या कप्प्यात सापडलं. गिरीशला पोस्टात टाकायला दिलं होतं. (माझ्या जन्माचा जोडीदार. जास्त लिहीत नाही.) आता तुला हे आधीचं सगळं वाचून आश्चर्य वाटेल, कारण भाऊजी इथेच आहेत आणि डोहाळेजेवण त्यांच्याविना होऊनही गेलं. फोटो मिळाले. सूनबाई गोड दिसते आहे. झोपाळा डावीकडे अर्धा इंच खाली आहे असं भाऊजींचं म्हणणं पडलं. पट्टी लावून दाखवलं त्यांनी.

तर काय झालं ते सांगते. बाराव्या शीटाला बसणार त्या दिवशी भाऊजींना ते अकरावं शीट टेबलाखाली मिळालं. दुसरं वाक्यही त्यांनी वाचलं. टेबल आवरलं, ओल्या फडक्याने पुसलं, माझ्या सहा पेन्सिलींना टोकं काढून ओळीने मांडून ठेवल्या, आणि खुर्ची घेऊन बागेत जाऊन बसले. घराकडे पाठ करून, कुंपणाकडे तोंड. मी म्हटलं, भाऊजी, गार वारा आहे, आत या. तर म्हणाले, "आत आलो तर बघेन." असे चार दिवस बसले गं. चहा मी बाहेर नेऊन द्यायचे आणि ते कप घेताना डोळे मिटून घ्यायचे. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकं भरून येत होतं, की दोन रेघा मला पुन्हा माराव्या लागल्या.

चौसष्ट पडले. पास झाले, ताई! भाऊजींनी ते शीट तासभर तपासलं आणि बाण जाडे आहेत म्हणाले. प्रिचर्डनीही नेमकं तेच लिहिलं होतं.

आणि परवा गुरुवारी मिसेस हॅवर्डनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर बॉयलर हाउसचं अठ्ठावीस सालचं ड्रॉइंग पसरलेलं, आणि भोवती त्यांची दोन माणसं तोंड पाडून उभी. ड्रॉइंग बघून त्यांनी पाइपसाठी भिंतीला भोक पाडलं होतं, आणि पाइप निघाला पलीकडच्या भिंतीला. मी एकदा बघितलं आणि म्हटलं, हे जुन्या पद्धतीचं आहे, इथे डावी बाजू उजवीकडे काढली आहे. मिसेस हॅवर्डनी विचारलं, हे कोर्समध्ये शिकवतात का? मी म्हटलं, नाही, आमच्या घरी शिकवतात. एक सप्टेंबरपासून मी कामावर आहे. माझ्या नावाचा बिल्ला मिळणार आहे, आडनावासकट. तळघरात असली जुनी ड्रॉइंग्ज तीन कपाटं भरून आहेत, ती सगळी मला नव्याने काढायची आहेत.

म्हणून आता तुझ्याकडे खरं मागणं. सूनबाईंचं झालं की भाऊजींना लगेच बोलावू नकोस. मला अजून इस्त्रीच कळली आहे, बॉयलर नाही. ऑक्टोबरपर्यंत त्यांचा व्हिसा आहे, तोवर ते मला रोज दोन तास शिकवणार आहेत. (डायनिंग टेबल पुन्हा गेलं. आज पिठलं-भात जिन्यात बसून खाल्ला.) बारसं तुम्ही बाराव्या दिवशी खुशाल उरकून घ्या. फक्त पाळणा अर्धा इंचसुद्धा कलू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं आहे, आणि त्यासाठी तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग काढून सोबत जोडलं आहे. त्यांच्याच पद्धतीने काढलंय, तेव्हा डावीकडचा दोर तुला उजवीकडे दिसेल. घाबरू नकोस. गोंधळ झाला तर मला फोन कर, मला येतं आता ते वाचता.