चार हजार फेऱ्यांच्या खाली

फोर्मिजिने,
१० सप्टेंबर १९६७

ती. योले आत्यास,
मारिसाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काकांनी पाठवलेली चॉकलेटंही पोचली. ती बाबांनी लपवून ठेवली आहेत आणि कुठे, ते मला ठाऊक आहे.

लग्नाचं विचारलंस. ठरलंय तसंच आहे, ईस्टर झाल्यावर. फक्त सासरे आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच काय ती खुशाली. आणि भांडण कशावरून, तर इंजिनावरून! बाबांनी बांधलेलं नवं बारा सिलिंडरचं इंजिन गाडीत बसलं, आणि ती गाडी घाटात नेऊन तपासायचं काम माझ्या नेरियोचं. रविवारी जेवायला आला होता. तोर्तेल्लिनी मी स्वतः वळल्या होत्या. त्याने लांब्रुस्को वाईनचा दुसरा पेला घेतला आणि म्हणाला, इंजिन झकास आहे, पण मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली गाढ झोपलेलं असतं. सेर्राच्या घाटात वळणातून निघताना पाय तळाशी दाबला तरी त्याला जाग येईपर्यंत माझं एक नमो मरिये म्हणून होतं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, लोक अश्वशक्तीचे घोडे मोजून गाडी घेतात. कारखान्याच्या मालकांना तोरिनोच्या प्रदर्शनात सगळ्यात मोठा आकडा सांगायचाय, तो माझ्या इंजिनाने दिलाय. नेरियो म्हणाला, आकडा कागदावर छापायला ठीक आहे, पण सरळ रस्त्याच्या शेवटी किती धावाल तेवढंच तो सांगतो. वळणातून बाहेर कोण काढतं? टॉर्क! पाठीला जो रेटा बसतो ना, तो हवा मला, आणि तो खालपासून हवा. त्यावर बाबा म्हणाले, तीस वर्षं इंजिनं बांधणाऱ्याला तासभर आत बसणाऱ्याने शिकवू नये. आणि हा शहाणा म्हणतो, पण आत मीच बसतो ना!

झालं. बाबा उठून अंगणात गेले ते तो जाईपर्यंत आत आलेच नाहीत. झोपलेलं हा शब्द परत घेईपर्यंत त्याने आमच्या टेबलाशी बसायचं नाही, असा हुकूम आहे. तो म्हणतो, खरं बोललो ते परत कसं घेऊ? रोज सकाळी गाडी घाटाकडे निघण्याआधी बाबा कारखान्याच्या फाटकाशी बॉनेटवर हात ठेवून त्याला सांगत, आज हे बदललंय, हे सैल केलंय, जपून बघ. आता बाबा पाठ फिरवून उभे असतात आणि हा खिडकीची काच वर करून निघून जातो. मधल्या मध्ये मी बसते दोघांचे टोमणे ऐकत.

आत्या, मला हसू येतं आणि रडूही येतं. बाबा म्हणतात, चर्चला येईन, पण पोरीचा हात धरून वेदीपर्यंत न्यायला त्याने दुसरा बाप शोधावा. आई असती तर तिने दोघांचे कान धरले असते. आता तूच काहीतरी लिही.

माया आहेच, ती जरा बाबांनाही रागावण्याच्या रूपाने पाठव.
तुझी लाडकी,
मारिसा


तोरिनो,
१८ सप्टेंबर १९६७

चि. मारिसा हिस,
योले आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. अगं, कुणी जमिनीवरून भांडतं, कुणी हुंड्यावरून. आमच्या घराण्यात भांडण टॉर्कवरून!

तुझे बाबा मला चांगले ठाऊक आहेत. चुकलो हे तोंडाने म्हणायचं त्यांना जन्मात जमलं नाही. लहानपणी त्यांच्या हातून माझ्या बाहुलीचा पाय मोडला. मी आकाशपाताळ एक केलं, पण दादा गप्पच. मग एके दिवशी बघते तर बाहुली दोन पायांवर उभी! लाकूड तासून, रंग देऊन पाय बसवला होता, आणि स्वतः कोपऱ्यात बसून माझ्याकडे चोरून बघत होता. तेव्हा तू धीर धर. नेरियोलाही सांग, सासऱ्याशी वाद घालायचा तर आधी पोट भरून घ्यावं, अर्ध्या जेवणावर घालू नये.

दादाला मी लिहितेच. तुझ्या लग्नात तुझा हात त्याच्याच हातात असेल, ही माझी जबाबदारी.
जीव लावून आहेस तशीच राहा.
तुझी आत्या


फोर्मिजिने,
५ नोव्हेंबर १९६७

चि. सौ. योले हिस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं रागावलेलं पत्र मिळालं. त्याआधीची दोनही मिळाली होती. गुरुवारी मृतांच्या दिवशी पोरीच्या आईच्या कबरीवर शेवंती ठेवून आलो. तिथेही मारिसा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पोरगी वाळलीय गं.

तुला एक सांगतो, तोंडाला कुलूप लाव. काल कारखाना बंद असताना मी एकटाच आत गेलो आणि त्या इंजिनाचे झडपा उघडणारे कॅमशाफ्ट बदलले. कार्बोरेटरचे गळेही अरुंद केले. चाचणीच्या बाकावर चढवून फिरवलं. घोडे वीस कमी झाले, पण दोन हजारांपासूनच असं ओढायला लागलं की बाकाचे बोल्ट करकरले. मग रात्रीतच परत गाडीत बसवलं. तीस वर्षांत माझ्या हातून असं गोड इंजिन झालं नव्हतं. त्या दीडशहाण्याचं खरं होतं. आत तोच बसतो. मालक वीस घोड्यांसाठी ओरडतील, तर ओरडू देत. प्रदर्शनात आकडा सांगून झालाय.

हे मी त्याला सांगणार नाही. तूही पोरीला लिहू नकोस. उद्या तो गाडी वर नेईल, वळणावर पाय दाबेल, तेव्हा त्याचं त्यालाच कळेल. मग खाली आल्यावर माझ्याकडे बघेल. मला एवढंच हवंय. रविवारी त्याच्यासाठी ताट मांडायला मीच सांगणार आहे. पोरीचं तोंड बघण्यासारखं होईल!

तुझ्या ह्यांना नमस्कार. तुझ्या या हेकट भावावर आजवर केलीस तशीच माया कर.
तुझा,
दादा


फोर्मिजिने,
१९ नोव्हेंबर १९६७

ती. योले आत्यास,
मारिसाचा नमस्कार.

तार मिळाली असेलच. तुझा पाय प्लास्टरमध्ये आहे, तू येऊ शकली नाहीस याचं मनात काही आणू नकोस. मातीला अख्खा कारखाना आला होता. मालकही आले होते.

सगळे म्हणतात, ओल्या पानांवरून नेरियोची गाडी घसरली. त्या सोमवारी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि वरच्या वळणावर चेस्टनटच्या पानांचा नुसता खच होता. पण आत्या, तो रस्ता त्याला अंगणासारखा होता. पाऊस काय, बर्फ काय, शंभरदा गेला असेल. मागची चाकं एकदम फिरली आणि गाडी झाडांत गेली, असं वर लाकडं तोडणाऱ्या माणसाने सांगितलं. मला विचार करून वेड लागायची पाळी आली आहे.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. माझा हात धरून म्हणाला, मारी, बाबांना सांग, जागं झालं. वळणातच जागं झालं. काय ओढतंय गं! आणि हसला. तो आपल्या नेहमीच्या लबाड हसण्याने हसला, आत्या. मग डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. परत आत बोलावलं तेव्हा तो गेला होता.

हे मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे बघवत नाही. कामावर जात नाहीत, दाढी करत नाहीत. अंगणात बसून असतात आणि रोज एकच विचारतात, तो काही बोलला का? मी म्हणते, नाही. मला वाटायचं, हे एवढं तरी माझ्यापाशीच राहावं, दुसऱ्या कुणाला देऊ नये. पण ते फार दुष्टपणाचं आहे. शेवटी तर त्याने बाबांच्या इंजिनाला चांगलंच म्हटलं ना? त्या भांडणाचं ओझं घेऊन बसलेत बिचारे. जाता जाता त्याने माफ केलं हे कळलं, तर घास तरी उतरेल. सांगू ना? तू लगेच लिही.

मला कुशीत घ्यायला तुझ्याशिवाय कुणी नाही, एवढं विसरू नकोस.
मारिसा


तोरिनो,
२२ नोव्हेंबर १९६७

चि. मारिसा हिस,
आशीर्वाद.

बाळ, एवढ्यात काही सांगू नकोस. बाबांना यातलं एक अक्षरही सांगू नकोस. का, ते विचारू नकोस. तुझ्या आत्याने तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, एवढं मागते. प्लास्टर निघालं की पहिल्या गाडीने निघते. मी आले की बोलू. तोवर त्यांनी विचारलं तर नाहीच म्हण.

देव काही पत्रं एक दिवस आधी का पोचवत नाही, कुणास ठाऊक.
तुझीच,
आत्या


फोर्मिजिने,
२७ नोव्हेंबर १९६७

चि. सौ. योले हिस,
दादाचे आशीर्वाद.

पोरीच्या नावाने आलेलं तुझं पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि बाबांना सांगू नकोस असंच आत असेल ते कळलं. ते वाचून का, असं तिला वाटलं असतं, म्हणून न उघडताच चुलीत टाकलं. रागावू नकोस. तसाही उशीर झाला होता. तुझ्या उत्तराची वाट न पाहता तिने मला आदल्या दिवशीच सांगितलं.

माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि हात हातात घेऊन म्हणाली, बाबा, त्याने तुमचं इंजिन जागं झालं म्हणून सांगितलंय, हसत सांगितलंय. मी विचारलं, कुठे? ती म्हणाली, वळणात. योले, तो जुन्या सवयीने आधीच पाय तळाशी दाबायचा. जाग यायला वेळ लागतो म्हणून. आणि या वेळी वेळ लागला नाही. फाटकाशी मी तीन शब्द बोललो असतो तर पोरगा आज जिवंत असता. जपून, कॅम बदललेत. एवढंच बोलायचं होतं. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता ना!

मालकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, एल्वीनो, पानं ओली होती, घरी जा. पोरीला मात्र मी सांगणार नाही आणि तूही सांगायचं नाहीस. शिक्षा मला हवी आहे, पण तिला सांगितलं तर ती तिलाच होईल. होणारा नवरा गेला, आणि तो बापाने नेला. दोन्ही एकटीने कसं सोसेल?

तिला वाटतंय, तिने मला मोठं सुख आणून दिलं. त्या दिवशी मी ताटातलं सगळं संपवलं, तर ती किती दिवसांनी जरा हसली. आता दुकानात, चर्चच्या दारात, भेटेल त्याला सांगते की नेरियोने जाताना माझ्या बाबांच्या इंजिनाचं कौतुक केलं. मी बाजूला उभा राहतो आणि मान हलवतो.

लोभ असावा, असं आता कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो. असावा.
दादा