वरचं वर, खालचं खाली

३ तारीख, सोमवार
दुसरा खडूही मोडला, तेव्हा कुठे फळा केलेल्या कपाटाच्या दारावर रेघ सरळ आली. ही म्हणाली, पॉलिश जाईल. म्हटलं, मुलीचं वर्ष जाण्यापेक्षा पॉलिश गेलेलं परवडलं.

चिमणीला अपूर्णांकांच्या चाचणीत पंचवीसपैकी सहा. वीस तारखेला फेरपरीक्षा. पंधरा मिळाले नाहीत तर पहिल्या तुकडीतून थेट तिसऱ्या तुकडीत. म्हणजे बाकावरची मैत्रीण सुटणार. दोघी बालवाडीपासून एकत्र. चिमणी जेवली नाही.

हिचं म्हणणं, वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे पाठवू, त्यांनी जन्मभर गणित शिकवलंय. घरात मी असताना? चिमणीच्याच शाळेच्या ऑफिसात निकाल लावणारा मी. अख्ख्या शाळेच्या बेरजा माझ्या हातून जातात. ही म्हणाली, बेरजा कॅल्क्युलेटर करतो, तुम्ही शिक्का मारता. दुर्लक्ष केलं.

निश्चय: उद्यापासून रोज पहाटे पाचला गणित.

४, मंगळवार
साडेसातला उठलो. पहाटे मेंदू तसाही कच्चा असतो.

संध्याकाळी मूळ संख्या घेतल्या. एक्क्याण्णव मूळ आहे हे चेहऱ्यावरूनच कळतं, असं सांगितलं. चिमणी म्हणाली, बाबा, तिला सातने भाग जातो. करून पाहिलं. जातो. म्हटलं, शाब्बास, तुझी परीक्षाच घेत होतो.

मूळ संख्या आता बंद. परीक्षेला फार येत नाहीत.

७, शुक्रवार
अपूर्णांकांची बेरीज. पुस्तकात पानभर लसावि काढत बसलेत. छेद समान करा, मग अंश बदला. वेळेचा अपव्यय. माझी पद्धत: वरचं वर मिळवा, खालचं खाली. सहामाहीला पंचवीसपैकी अठरा, वार्षिकला पन्नासपैकी एकतीस. एकूण पंच्याहत्तरपैकी एकोणपन्नास. वर्षानुवर्षं असेच निकाल लावतोय, एका पालकाची तक्रार नाही.

तसंच एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. दोन ओळींत खेळ खलास.

चिमणीने कपाटाच्या दारावरचं उत्तर पुन्हा वाचलं. मग म्हणाली, बाबा, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं. म्हटलं, गणितात भावना आणायच्या नसतात. ती म्हणाली, मग अर्धा अधिक अर्धा म्हणजे दोन चतुर्थांश, म्हणजे परत अर्धाच? आजकालच्या मुलांना प्रश्न फार. शिकवणी तिथेच थांबवली. डोकं दुखत होतं.

१२, बुधवार
ऑफिसात काम. शिकवणी नाही. नाहीतरी सगळा भाग झालाच आहे.

चिमणी हल्ली संध्याकाळी वर जाते. बाईंची पाठ धरलीये, कुंड्यांना पाणी घालायचं असतं, असं ही सांगते. तासभर लागतो. किती कुंड्या आहेत कोण जाणे. जाताना वही कशाला नेते, तेही विचारायचं राहिलं.

१९, बुधवार
उजळणी घेतली. वरचं वर, खालचं खाली, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं. म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

२०, गुरुवार
सकाळी दारातच सांगितलं, बाकी तुला हवं तसं सोडव, पण एक तरी गणित बाबांच्या पद्धतीने कर. एवढे कष्ट घेतलेत मी. ही म्हणाली, पोरीला शांतपणे जाऊ द्या. चिमणीने माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली.

गुणी पोर.

२४, सोमवार
पेपर बेरजेला माझ्याच टेबलावर आले. चिमणीचा: चौदा. पुन्हा केली. चौदा. कॅल्क्युलेटरवरही चौदा.

बाकीच्या गणितांत लसावि काढलेला, रेघ मारून नीट. पाचव्यात मात्र माझी पद्धत. गुण दोनपैकी शून्य.

गणिताचे सर टेबलापाशी आले. म्हणाले, पोरीला सगळं येतंय, मग हे एकच असं कसं? घरी कुणी चुकीचं शिकवलं असेल तर सांगा, मी मुख्याध्यापिकांशी बोलतो, पुन्हा एक संधी मिळेल. सगळं ऑफिस ऐकत होतं. टायपिस्टने टायपिंग थांबवलं होतं. मी म्हणालो, मुलं कुठून काय उचलतात, कळत नाही.

सर बरं म्हणून गेले.

कुंड्यांना पाणी घालता घालता मुलगी लसावि शिकली. याला म्हणतात रक्तातली हुशारी. शिवाय एका गुणाचा प्रश्न. चौदा आणि पंधरा यांत फरक तो किती.

घरी हिने ओलं फडकं घेऊन कपाटाचं दार पुसून काढलं. चिमणीने विचारलं, सरांनी पाचव्या गणिताबद्दल काही विचारलं का? नाही म्हणालो. ती म्हणाली, मीपण नाही सांगितलं, बाबा.

२५, मंगळवार
सकाळी तिसऱ्या तुकडीच्या हजेरीपटात तिचं नाव मीच लिहिलं. मैत्रीण जिन्यापर्यंत तिला सोडायला आली होती. मग घंटा झाली.