एक जूनला जिवंत

३ मे १९९६

रॅन्सम जिवंत निघाला.

आज काउंटीच्या वाचनालयात १८८० सालच्या खानेसुमारीची टंकलिखित यादी उघडली. इतिहास मंडळाच्या बायकांनी केलेली — नुसती नावं, वयं आणि घरभेटीची तारीख. तासाभरात खापरपणजोबा सापडला. रॅन्सम रकर, वय ३४. बायको डायसी, मुलं पाच. प्रगणक घरी आला ती तारीख, १९ जून.

आनंद झाला, आणि मग ती तारीख पुन्हा वाचली. आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल, रॅन्समला त्याच वर्षी ५ जूनला मारलं. मग चौदा दिवसांनी खानेसुमारीत नाव लागलं ते कुणाचं?

४ मे

झिप आजीला यादीचं बोलले नाही. ती माझ्या आजोबांची बहीण, एक्याऐंशी वर्षांची. डायसीच्या तोंडून ऐकलेली आता तीच एक उरली आहे. म्हटलं, ‘पुन्हा एकदा सांग, मी लिहून घेते.’ ती भेंड्या चिरत होती. सुरी थांबली नाही.

‘मळेवाल्या गोऱ्या मॅडॉक्सच्या लोकांनी त्याला शेतातून ओढत नेलं. घोड्याला बांधून. त्यांच्या रानातल्या झाडापर्यंत पोचला तेव्हा पाठीला कातडं उरलं नव्हतं. मग टांगला. टांगल्यावर प्रत्येकानं एकेक गोळी घातली. उद्या कुणी म्हणायला नको, मी त्यात नव्हतो.’

‘पण का?’

‘गोऱ्या माणसावर हात उचलला त्यानं.’

‘कशावरून उचलला?’

‘तुला कॉलेजात फार प्रश्न शिकवले गं. पाणी आण.’

तिसऱ्या दिवशी बायकांनी त्याला उतरवला, तिथंच झाडाखाली पुरला, कबरीची खूण म्हणून वर शिंपले मांडले. पुढं मॅडॉक्सनी तारेचं कुंपण घातलं. डायसीलाही त्याच्याशेजारी जागा मिळाली नाही, ती चर्चच्या आवारात आहे. आता त्याच घरातला म्हातारा मॅडॉक्स पाइनची झाडं तोडून जमीन सपाट करणार. कबर वाचवायला आम्ही कोर्टात गेलोय, ४ जूनची तारीख आहे. न्यायाधीशाला दोनच गोष्टी हव्यात — तो माणूस तिथं मेला, आणि आम्ही त्याच्या रक्ताचे आहोत. रॅन्समची मोठी चार मुलं शिकागोला गेली, त्यांचा पत्ता कुणाकडे नाही. धाकटा रॅन्सम इथं राहिला. तो झिप आजीचा बाप, माझा पणजोबा.

शाबीत करीन. कागदावर करीन. आरडाओरडा न करता.

९ मे

मॅडॉक्सच्या वकिलालाही ती यादी मिळाली. आमच्या वकिलाला फोन करून हसला म्हणे. ‘तुमचा फाशी दिलेला माणूस दोन आठवड्यांनी ओसरीत बसून पाहुण्याला नावं सांगतोय. टेक्ससला पळाला असेल, तुमच्यातले पळतात तसा. नेहमीसारखा.’

नेहमीसारखा!

११ मे

कॉर्डेलला मारलं.

पेट्रोल पंपावर. मॅडॉक्सची दोन नातवंडं, क्ले आणि त्याचा भाऊ. साखळीनं. माझा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात पंपाच्या सिमेंटवर सापडले. एक मी उचलला. का, ते माहीत नाही. रुमालात आहे.

मारताना म्हणत होते, ‘तुझा म्हातारा टेक्ससला पळाला, तूही पळ.’ शेरीफ म्हणाला, पोरापोरांची भांडणं.

१३ मे

कॉर्डेलचं तोंड तारेनं बांधलंय. नळीनं सूप. पाटीवर लिहून बोलतो. आज लिहिलं — ‘पदवीधरबाई, तुमच्या पुस्तकात यावर औषध आहे का?’

आई म्हणाली, ‘लेटी, सोड तो नाद. मेलेल्यासाठी जिवंत घालवू नकोस.’

परवा मॉन्टगोमेरीला, राज्याच्या दप्तरखान्यात जाते. मूळ पान पाहिल्याशिवाय हरणार नाही.

१६ मे

आख्खा दिवस मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढं. डोळे चुरचुरतायत, पण झोपण्याआधी हे लिहायलाच हवं.

पान सापडलं. रॅन्समची ओळ बोटानं धरून उजवीकडे सरकत गेले. वय, धंदा — शेतकरी. आणि आजारपणाच्या रकान्यात, जिथं ताप किंवा लंगडा असं लिहितात, तिथं एकच शब्द. ‘मृत.’

मी दप्तरखान्यातल्या मिस्टर पेटसना बोलावलं. ते चाळीस वर्षं या फिल्मांत आहेत. त्यांना नवल वाटलं नाही.

‘बाई, ही मोजणी एक जूनची. प्रगणक कधीही येवो, विचारायचं हेच की एक जूनला या घरात जिवंत कोण होतं. एकला जिवंत आणि पाचला मेला, तरी तो मोजायचा. आणि एकनंतर जन्मलेलं मूल सोडून द्यायचं. नवशिक्यांची इथंच चूक होते. भेटीची तारीख धरून बसतात.’

म्हणजे मीही चुकले, त्यांचा वकीलही चुकला. एक जूनला जिवंत, एकोणीसला मृत. झिप आजीचा पाच जून बरोबर मधे बसतो!

आणि पानाच्या माथ्यावर प्रगणकाची सही आहे. जे. टी. मॅडॉक्स. आताच्या म्हाताऱ्याचा आजा. ज्यांनी टांगला त्यांच्याच घरातला माणूस दोन आठवड्यांनी वही घेऊन डायसीच्या दारात उभा राहिला. ‘घरात कोण कोण?’ तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. त्याच्याच हातची साक्ष. याहून मोठा पुरावा कुठला?

पानाची नक्कल घेतली. बसमध्ये छातीशी धरून बसले होते.

२१ मे

तारखेची वाट न बघता त्यांनी बुलडोझर घातला. सकाळी सात वाजता. कॉर्डेलनं पाटीवर नुसतं ‘कबर’ लिहिलं आणि आम्ही धावलो. तार तुटली होती. शिंपल्यांचा चुरा. यंत्राचं पातं झाडापासून हातभर.

क्ले मॅडॉक्स हसत पुढं आला, ‘ए शाळामास्तरीण, शिकवणी संपली.’ आणि कॉर्डेलच्या बांधलेल्या जबड्यावर त्यानं पंजा मारला. भावाच्या घशातून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही.

फावडं कुणाचं होतं माहीत नाही. मी ते क्लेच्या डोक्यात घातलं. तो गुडघ्यावर बसला. कानातून रक्त. मी पुन्हा उचललं. ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं म्हणून ते ऐकू आलं — मी काय ओरडत होते ते. ‘एकेक! प्रत्येकानं एकेक!’

मी चौथीच्या मुलांना सांगते, हात उचलायचा नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२३ मे

क्ले वाचला, अठरा टाके. त्यांनी तक्रार केली नाही. निकालाआधी यंत्र घातलं म्हणून न्यायाधीश त्यांच्यावरच भडकलाय.

आज भिंग घेऊन पान पहिल्यांदा सबंध वाचलं. वाचायला नको होतं.

नावापुढं रंगाचा रकाना आहे. बी म्हणजे काळा. एम-यू म्हणजे मिश्र, गोऱ्याचं रक्त असलेला. रॅन्सम, बी. डायसी, बी. चार मुलं, बी, बी, बी, बी. शेवटचं तान्हं, रॅन्सम धाकटा — एम-यू. जन्माचा महिना, जून. आमच्या घरच्या बायबलात कोऱ्या पानावर जन्म लिहून ठेवतात, तिथं त्याचा ११ जूनचा आहे.

म्हणजे नियमानं ते मूल मोजायचंच नव्हतं. तरी मॅडॉक्सनं मोजलं. नियम पाळून मेलेला लिहिला आणि नियम मोडून हे लिहिलं.

रॅन्समनं हात कुणावर उचलला आणि कशावरून, ते आता विचारावं लागणार नाही.

२४ मे

झिप आजीच्या पुढ्यात पान ठेवलं. दोन अक्षरांवर बोट ठेवलं. तिनं चष्मा लावला नाही.

‘आमच्या पपांचे, या धाकट्या रॅन्समचे, डोळे राखाडी होते. माझ्या भावानं एकदा कारण विचारलं, तर डायसी आजीनं चुलीतल्या लाकडानं मारलं त्याला. मरेपर्यंत पाठीवर डाग होता.’

‘हे पान दिलं तर त्यांचा वकील हे वाचेल. आपण रॅन्समचे नाही म्हणेल. नाही दिलं तर तो इथं मेला याला पुरावाच नाही.’

‘तान्ह्याची ओळ कापून अर्धंच दे.’

‘शपथ घेऊन अर्धं पान देऊ?’

‘बाई गं,’ ती म्हणाली, ‘एवढं शिकवायला नको होतं तुला.’

२ जून

आई म्हणते अर्धं. कॉर्डेलनं पाटी पुसून बाजूला ठेवली. आमचा वकील म्हणतो, निर्णय तुमचा.

३ जून

सबंध देणार.

४ जून

सबंध दिलं. त्यांच्या वकिलानं दोन मिनिटांत ते एम-यू शोधलं. भिंग वर धरून मोठ्यानं वाचलं. ‘म्हणजे साक्षीदार बाई मृताच्या रक्ताच्या नाहीतच. मग हे पोर कुणाचं, याची काही कल्पना?’

झिप आजी काठीवर उभी राहिली. ‘आहे ना. सगळ्यात वर सही आहे, ती वाच बाळा. त्यानंच मोजलंय, मोजायचं नसताना. आणि नात्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलंय, रॅन्समचा मुलगा. आता तुम्हीच ठरवा. त्याचं लिहिलेलं खरं, तर कबर आमची. खोटं, तर मी या म्हाताऱ्याच्या सख्ख्या आज्याची नात. मग वाटणीचं बोलू. जमीन केवढी आहे?’

मागच्या बाकावरून म्हातारा मॅडॉक्स उठला. त्याचे डोळे मी आज पहिल्यांदा जवळून पाहिले. राखाडी. त्यानं वकिलाचा कोट ओढला.

‘खाली बस,’ म्हणाला. ‘कबर त्यांची आहे.’