विस्तवाच्या अंतरावरचं घर

अण्णा,

काल नगरपालिकेतला एक तरुण इंजिनियर आमच्या गल्लीत येऊन गेला. दारात उभा राहून म्हणाला, ‘आजी, या गल्लीत आता माणसं किती?’ मी म्हटलं, ‘दिवाळीतली विचारतोस का एरवीची?’ बिचारा हसला. मग ओट्यावर बसून सांगत राहिला, की जाड नळ टाकलेत पण पाणी घेणारी घरंच उरली नाहीत, मुलं पुण्याला गेली, म्हातारी माणसं एकेक करून चालली, आणि कुलूप लावलेल्या दारांसमोर रात्रभर दिवे जळतात. ‘गाव कमी होतंय हे धरून काहीतरी आखायला पाहिजे,’ तो म्हणाला आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहून घेतलं. त्याला तुमचा पत्ता द्यावासा वाटला. मग आठवलं, तुम्हाला जाऊन साठ वर्षं होऊन गेली.

मी थकलेय, अण्णा. हल्ली कुणावर रागवायचं म्हटलं तरी आधी बसून घ्यावं लागतं. पण तो पोरगा गेल्यापासून गिरणीची चाळ डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

दुसरी मोठी लढाई चालू होती तोवर आपल्या गावची ती कृष्णाकाठची गिरणी लष्करासाठी खाकी कापड विणायची. दुपारचा भोंगा झाला की आई आमटीला फोडणी द्यायची. लढाई संपली, खाकीची मागणी संपली, आणि एका उन्हाळ्यात भोंगा वाजायचा राहिला. आईची फोडणी कितीतरी दिवस चुकत होती. माणसं आधी वाट बघत बसली, मग हळूहळू निघाली. कुणी मुंबईला, कुणी माधवनगरला, कुणी इचलकरंजीला मागावर, कुणी पलूसकडच्या आपल्या शेतावर परत. तुम्ही म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर. नळ, रस्ते, रस्त्यावरचे रॉकेलचे दिवे सगळं तुमच्या गळ्यात. गिरणीमागे चाळीच्या सहा ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत दोन-तीन बिऱ्हाडं विखरून उरली होती. मधल्या खोल्यांची कौलं रातोरात जायची, चौकटी जायच्या, कुत्री आत व्यायची. दिवे लावणारा गडी शेवटच्या ओळीला जायला कुरकुर करायचा. गिरणीच्या मालावरची जकात बंद झालेली, आणि रॉकेल तर बाजारात मिळतच नव्हतं.

तुम्ही तेव्हा जेवताना बोलायचा नाहीत. एक संध्याकाळ मात्र मला स्वच्छ दिसते. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून भिंतीकडे बघताय, आणि एकदम विचारता, ‘घर किती लांब असलं तर त्याला शेजार म्हणायचं?’

आई म्हणते, ‘हे काय भलतंच?’

‘सांग तर.’

ती भाकरी तव्यावर टाकते, पाणी फिरवते आणि वर न बघता सांगते, ‘खापरीत विस्तव घेऊन निघालं आणि आपल्या चुलीपाशी येईतो जिवंत राहिला, तर तो शेजार. वाटेत राख झाली तर नुसती वस्ती.’

तुम्ही मोठ्यानं हसलात. लढाईच्या दिवसांत काड्यापेटी दुर्मीळ झाली होती आणि सगळ्या गावात सकाळी बायका एकमेकींकडे विस्तव मागायच्या, त्यामुळे आईला त्यात विशेष काही सांगितल्यासारखं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही खाकी पँट, डोक्याला ती टोपलीसारखी हॅट, हातात खापरी आणि खापरीत निखारा घेऊन चाळीच्या ओळींतून चालत होता. सरकारी माणूस विस्तव घेऊन फिरतोय म्हणून पोरं मागे लागली. मी लाजेनं शाळेच्या भिंतीआड उभी राहिले. निखारा कुठे काळा पडतो तिथे तुम्ही खडूनं खूण करत होता. त्या खुणांवरून तुमचा नकाशा झाला. विखुरलेली सगळी बिऱ्हाडं विहिरीजवळच्या दोन ओळींत आणायची, दिवे आणि नळ तेवढ्यांनाच ठेवायचे, बाकीच्या ओळी उतरवून कौलं-लाकूड दुरुस्तीला वापरायचं आणि ती जमीन शाळूच्या पेरणीला मोकळी करायची.

तुम्ही तो नकाशा म्युनिसिपालिटीच्या सभेत मांडलात. सभा शाळेच्या पटांगणात होती, म्हणून मला ऐकायला मिळाली. अध्यक्ष म्हणाले, गिरणी दिवाळीला चालू होणार, वरून तसा शब्द आहे. कुठल्या दिवाळीला ते त्यांनी सांगितलं नाही. गिरणीतला एक जुना जॉबर, कामगारांचा मुकादम, उठला. ‘आवं सायेब, गिरणी बंद हाय, मेली न्हाई अजून! आमच्या जित्या गावाचं मर्तिक का मांडलंय तुमी?’ सगळे ओरडायला लागले. तुम्ही थांबलात, घाम पुसलात आणि तुमच्या त्या हळू आवाजात म्हणालात, ‘आजारातून उठलेल्या माणसाचा सदरा आपण आत घेतो. माणूस पुन्हा भरला तर शिवण उसवता येते. तोवर ढगळ्या सदऱ्यात त्याला वारा लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.’ जॉबर खाली बसला. पटल्यामुळे बसला की दमल्यामुळे, कोण जाणे. ठराव झाला, पण त्यात ‘तात्पुरती व्यवस्था’ असा शब्द घालून झाला. तो शब्द नसता तर एकाही सभासदानं हात वर केला नसता. गावात तुमचं नाव ‘गाव गुंडाळणारा’ असं पडलं आणि मला शाळेत त्या नावाची पोरगी म्हणून ओळखायला लागले.

हलायचा दिवस मात्र चांगला गेला. आईनंच बायकांना सांगितलं, जुन्या चुलीतला विस्तव घेऊन नव्या खोलीत जा, म्हणजे घर सोडल्यासारखं वाटणार नाही. त्या सकाळी बायका पदरानं वारा अडवत, खापऱ्या सांभाळत एकामागून एक विहिरीकडे चालल्या होत्या. ट्रंका, गाडगी, एक शेळी. संध्याकाळी त्या दोन ओळींत सगळ्या दारांतून धूर निघाला आणि तुम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसून चक्क विडी ओढलीत.

एक खोली राहिली. शेवटच्या ओळीत रिळाच्या खात्यात काम केलेली एक म्हातारी होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला तो गेलाच. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं कार्ड नाही. तुम्ही तिच्या दारात उकिडवे बसून समजावत होता आणि ती ज्वारी निवडत होती.

‘मावशी, इथला नळ बंद होणार. दिवा बंद होणार.’

‘हूं दे.’

‘एकट्या कशा राहणार?’

‘आवं सायेब, त्यो आला तर ह्याच दाराला येनार. बिऱ्हाड हलीवलं तर कुटं हुडकंल मला?’

‘मी दारावर पाटी लावतो. नवी खोली कुठली ते लिहितो.’

‘त्येला वाचाय येत न्हाई,’ ती म्हणाली आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा चेहरा पार उतरला होता. सक्ती करता आली असती, ठराव तुमच्या बाजूनं होता. चार दिवस तुम्ही घरात येरझाऱ्या घातल्यात आणि पाचव्या दिवशी आईला म्हणालात, आपण शेवटच्या ओळीत राहायला जायचं.

आईचा तो अवतार मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बाजारपेठेतलं माडीचं घर, न्हाणीघर, परसातली जाई सोडून गिरणी कामगाराच्या खोलीत! ‘सगळा गाव गोळा करून आणलात आणि आता आपणच उकिरड्यावर जायचं? तुमचा नकाशा तुम्हीच फाडताय.’

‘नकाशा बरोबर आहे,’ तुम्ही म्हणालात. ‘एक घर त्यात बसलं नाही. ते हलत नाही, तर शेजार हलवू.’

आम्ही गेलो. गावाला आणखी एक विषय मिळाला. म्युनिसिपालिटीनं ओळीतला दिवा काढून नेला आणि तुम्ही दारात आपला कंदील टांगलात. पाणी विहिरीवरून आणावं लागायचं, आणि आणायचं कुणी? तर आईनं आणि मी. एक दिवस हंडा आपटून मी म्हटलं, ‘त्या खुळ्या म्हातारीपायी आपण भुतांत राहतोय.’ तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही. हातातलं काम खाली ठेवून एवढंच म्हणालात, ‘गेलेल्यांना पळपुटे म्हणायचं नाही आणि राहिलेल्यांना खुळे म्हणायचं नाही. आपल्या घरात हे शब्द नकोत.’ मला फार लागलं. अजूनही पोरं पुण्याहून फोन करतात तेव्हा काही बोलायच्या आधी ते वाक्य आडवं येतं.

आणि सकाळी तुमचा तो उद्योग. उजाडलं की तुम्ही खापरी घेऊन शेजारच्या दारात उभे. ‘मावशी, विस्तव आहे का?’

‘सायेब, रोज कसा वं तुमच्यातला विस्तव मरतुय? काड्यापेटी न्हाई व्हय?’

‘रेशनवर मिळाली नाही.’

आपल्या फडताळात पिठाच्या डब्यामागे काड्यापेटी होती. कित्येकदा तर आईनं चूल पेटवलेली असायची आणि तुम्ही तोच धूर अंगावर घेऊन विस्तव मागायला निघायचा. आई म्हणायची, ‘अहो, चहा उकळलाय. आता कशाला?’ तुम्ही निखारा आणून आमच्या जळत्या चुलीत घालायचा. मला वाटायचं, माझ्या वडिलांचं डोकं फिरलंय. पण मावशी त्यासाठी पहाटे उठायची हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पाय सुजलेले, खोकला सुटलेला, तरी स्वतःशी बडबडत फुंकणी घेऊन बसायची. ‘सायेब यील आता, सायबाला विस्तव द्याचा हाय.’

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तुम्हाला विषमज्वर झाला. कराडहून डॉक्टर आणला, उपयोग झाला नाही. त्याच खोलीत तुम्ही गेलात. तो भाग मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तेराव्यानंतर मामा आम्हाला आष्ट्याला घेऊन जायला आले होते. सामान बांधून झालं होतं आणि चूल गार पडली होती. आई भिंतीला टेकून बसलेली. एवढ्यात मावशी दारात आली. हातात खापरी, खापरीत निखारा. दोन वर्षांत ती आमच्याकडे विस्तव घेऊन पहिल्यांदाच आली. आईसमोर बसली आणि म्हणाली, ‘बाई, सायबांच्या घरात काड्यापेटी हाय, हे मला पैल्या म्हयन्यातच दिसलं हुतं.’

आईनं विचारलं, ‘मग बोलला नाहीत?’

‘काय बोलू? रोज कुनीतरी दारात येऊन मागतंय, मग उठावं वाटतंय. आता सायेब न्हाईत. मी बी हिरीकडच्या वळीत जाती. विस्तव न्यायला कुनी येनार नसलं तर पोराची वाट बघाय सकाळ तरी कशी करायची?’

आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मामांना म्हणाली, आम्ही आष्ट्याला येत नाही. त्याच दुपारी मावशीचं गाठोडं आणि आमच्या ट्रंका एकाच गाडीवर घालून आम्ही विहिरीजवळ गेलो, आणि खापरी मावशीनं मांडीवर धरली होती. तुमचा नकाशा पुरा झाला, अण्णा. शेवटची ओळ रिकामी झाली. मावशीचा मुलगा आला नाही. ती पुढे सात-आठ वर्षं होती आणि आई रोज सकाळी तिच्याकडे विस्तव मागायला जायची, काड्यापेट्या भरपूर मिळायला लागल्या तरी. गिरणीही चालू झाली नाही. त्या ओळींच्या जागी आज ऊस उभा आहे.

मी लग्न होऊन याच गावात राहिले, हे तुम्हाला माहीत नाही. आता या गल्लीत आमचं धरून तीनच दारं उघडी असतात. पलीकडे एक सून आलीय, आष्ट्याचीच. नवरा कारखान्यात पाळीला जातो. गेलं वर्षभर ती रोज तिन्हीसांजेला वाटी घेऊन येते. ‘काकू, वाईच विरजन देता का?’ मी देते. दोन मिनिटं उंबऱ्यात उभी राहते, माझ्या गोळ्या घेतल्या का विचारते आणि जाते. मला पहिले काही महिने राग यायचा, की या पोरीला एवढंही जमत नाही? आदल्या दिवसाच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवलं की झालं. मग एकदा तिच्या स्वयंपाकघरात गेले तर झाकलेलं दह्याचं भांडं, वर साय, कवडी लागलेली. मी तिला कळू न देता झाकण परत ठेवलं.

हा कागद चुलीत घालावा तर घरात चूल नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवून देईन. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. डॉक्टरांनी मला दही बंद करून सहा महिने झाले. मी रोज लावते.